पेटीत अडकलेले भाऊबंद

धुळ्यात देवपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आला तेव्हा तो नवा नव्हता. धुळ्यातल्या एका टायपिंग क्लासवाल्याने हौसेने कॉम्प्युटरचे वर्ग काढले होते. विद्यार्थी आले नाहीत. वर्ग बंद पडले आणि तिथलं एक यंत्र मी घरी आणलं. टू-एट-सिक्स. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि चाळीस एमबीची हार्ड डिस्क. आता मोबाइलवर आलेला लग्नाचा एक व्हिडिओसुद्धा तिच्यात मावायचा नाही, पण नव्वदीच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत चाळीस एमबी कशाने भरायची हाच प्रश्न होता. मी हायस्कुलात गणित शिकवायचे. प्रश्नपत्रिका घरीच टाइप कराव्यात एवढाच माझा हेतू होता.

धरणगावच्या पुढे आमचं गाव. कापसाचं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी, आणि पहिली बी.एस्सी. पण मीच. हे मी कुठेही सांगते, इथेही सांगते. गावाकडून कुणी देवपुरात आलं की चहाच्या आधी कॉम्प्युटर दाखवायचे. माणसं चपला बाहेर काढून आत यायची, लांबून बघायची, आणि "हाई काय शे?" असं विचारायची. मी चालू करून दाखवायचे. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून दाखवायचे. पाहुणे माना डोलवायचे आणि चहाकडे बघायचे.

त्या यंत्राला खरं काम मिळालं ते माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा.

आमच्याकडे लग्न ठरवणं सोपं. मुलगी बघितली, पसंत पडली, साखरपुडा झाला. अवघड असते पत्रिका. पत्रिकेत खाली 'आपले नम्र' म्हणून भाऊबंदांची नावं येतात, एकाखाली एक. आमच्या भावकीत अशी चौऱ्याहत्तर नावं. कोण वर, कोण खाली, हे ठरवण्यात महिना जातो. वयाने लावायचं म्हटलं तर एक पुतण्या त्याच्या काकापेक्षा सहा वर्षांनी मोठा. नात्याने लावायचं म्हटलं तर मिसरूड न फुटलेला काका माजी सरपंचाच्या डोक्यावर बसतो. मागे एका चुलत भावाच्या पत्रिकेत एक काका दोन ओळींनी खाली गेले होते. ते लग्नाला आले नाहीत. पंगत चालू असताना ते मांडवासमोरच्या आपल्या ओट्यावर बसले, दार सताड उघडं ठेवलं आणि सगळ्या वऱ्हाडाच्या डोळ्यांदेखत ठेच्याशी भाकरी खाल्ली. पुढे पाच वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं.

भावाच्या पत्रिकेचा पहिला कच्चा कागद माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी केला. बैठकीत नावं वरखाली झाली तशी खोडाखोड झाली. त्याच आठवड्यात ज्यांचं नाव खोडून खाली लिहिलं होतं ते काका मोटारसायकलवरून पडले. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण जित्या माणसाचं नाव खोडलं म्हणून झालं, असं त्यांच्या घरच्यांनी धरलं. झालं. या लग्नाची नावं आता कागदावर उतरवायचीच नाहीत, छापखान्याच्या कागदावर शेवटची एकदाच लिहायची, असं ठरलं.

मी म्हणाले, "नाना, माझ्याकडे या. कॉम्प्युटरवर खोडावं लागत नाही. नाव नुसतं वर सरकतं, नाहीतर खाली सरकतं."

नानांना हे पटलं. पुढच्या रविवारी एक जीप देवपुरात आमच्या दारी थांबली आणि तिच्यातून भाऊबंदांची पाच वडीलधारी माणसं उतरली. नानांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे आबा, सगळ्यांत पुढे. पाचही जण चटईवर पडद्यासमोर बसले. वर पंखा फिरत होता, पाच टोप्या मांडीवर होत्या. मी कॉटवर कीबोर्ड घेऊन.

"आखो एक वर ले, पोरी," एक काका म्हणायचे.

मी नाव एक ओळ वर न्यायचे.

"तिथं नही. आखो."

"आखो कितलं? पार गणपतीवर नेस का?" आबा विचारायचे.

अडचण एवढीच होती की कागदावर नाव खाली गेलेलं नंतर कळतं, पडद्यावर ते त्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकेक ओळ उतरत जातं. एका काकांचं नाव अकराव्यावरून सोळाव्यावर न्यायचं ठरलं. मी पाच वेळा बटण दाबलं आणि प्रत्येक वेळी त्यांनी पाय चेंगरल्यासारखा श्वास घेतला. सकाळी दहाला बसलेली माणसं उन्हं उतरेपर्यंत उठली नाहीत. शेवटी चौऱ्याहत्तरही नावं जागेवर बसली. नानांनी सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. गूळ खाल्ला की विषय संपला, ही आमची रीत.

"आता हे पुसलं तर नाही ना जाणार?" आबांनी जाताना विचारलं.

"आबा," मी म्हणाले, "कागद फाटतो, माणूस विसरतो. हे विसरत नाही."

हे वाक्य मला नंतर फार महाग पडलं.

दहावीचे पेपर तपासायला मिळाले, उन्हाळा लागला, आणि कॉम्प्युटर दीड महिना झाकूनच राहिला. धुळ्याचा उन्हाळा. दुपारी नळाला आलेल्या पाण्यात चहा होईल असा. लग्नाला वीस-बावीस दिवस राहिले तेव्हा नाना नावं न्यायला आले. शनिवारपर्यंत मजकूर दिला तरच पत्रिका वेळेत, असं जळगावच्या छापखान्याने बजावलं होतं. मी कापड काढलं, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली की हार्ड डिस्क सापडत नाही.

बंद केलं, चालू केलं. तीच ओळ. पाच वेळा.

"काय व्हयनं?" नाना.

मी सांगितलं. नानांनी भिंतीला पाठ टेकली.

दुसरी प्रत नव्हती. फ्लॉपी घरात होत्या, पण त्यांवर आठवीच्या चाचण्या होत्या. गणिताच्या बाईला हे सुचू नये याचं मला आजही नवल वाटतं. कुणाला आठवतं का म्हणावं, तर नानांना पहिली नऊ नावं आठवत होती, मला बारा. भाऊबंदांना विचारायची सोय नव्हती, कारण प्रत्येकाला फक्त आपली जागा आठवणार आणि ती एक ओळ वर आठवणार. म्हणजे यादी पुन्हा लावायची, पुन्हा भांडण, आणि गूळ खाऊन मिटलेलं भांडण उकरून काढलं म्हणून वरचं आणखी एक. लग्नाच्या मांडवात निम्मी भावकी नसणार. आणि हे सगळं कुणामुळे, तर शिकलेल्या पोरीमुळे.

नानांनी आणखी एक काम केलं. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन गावच्या सोसायटीत फोन लावला, कारण गावात फोन तिथेच होता. पत्रिकेला उशीर होईल एवढंच सांगायचं होतं. पण नानांना फोनवर ओरडूनच बोलता येतं, आणि पलीकडच्यालाही. "यादी मशीनमा अडकनी!" हे देवपुरानेही ऐकलं आणि गावानेही.

मी धुळ्यातल्या एका दुकानातून कॉम्प्युटरचा इंजिनिअर आणला. एप्रिल महिन्यात टाय घातलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्याने झाकण उघडलं, वायरी काढल्या, लावल्या, कान जवळ नेला आणि म्हणाला, "मॅडम, डिस्क फिरतच नाहीये. डेड आहे. नवीन टाका."

"आणि आतली माहिती?"

"गेली."

नाना पुढे झाले. "गये म्हंजे? कथा गये?"

"कुठे नाही काका, आहे आतच. पण निघणार नाही."

"विहिरमा पानी शे, मोटर बंद शे. मंग पानी गये म्हनतस का?"

इंजिनिअर हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "यामा मोटर शे?"

मी म्हणाले, "आहे. आत तबकडी आहे, तिला फिरवायला छोटी मोटर असते."

"आनि ती फिरत नही."

"नाही."

"कितला दिन बंद होती?"

"दीड महिना."

नाना उठले, टोपी घातली. "मंग जाम व्हयनी. चाल जळगावले."

जळगावात बाजार समितीच्या मागच्या रस्त्याला नानांचे एक मोटर वाइंडिंगवाले मिस्त्री होते. आमच्या विहिरीतली मोटर वीस वर्षं त्यांच्याच हातून बांधून यायची. हार्ड डिस्क त्यांच्याकडे न्यायची, हे ऐकून माझे यजमान ऑफिसला जरा लवकरच निघाले. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. बी.एस्सी. झालेली बाई विहिरीच्या मोटरवाल्याकडे कॉम्प्युटर घेऊन चालली होती. पण इंजिनिअरकडे दुसरा उपाय नव्हता आणि उद्या शनिवार होता.

सगळंच न्यावं लागलं. डिस्क फिरली तरी पडदा आणि कीबोर्ड नसेल तर नावं काढणार कशी? पेटी गोधडीत गुंडाळली, मॉनिटर मी मांडीवर घेतला आणि आम्ही सकाळची जळगावची एसटी धरली. पारोळ्याच्या अलीकडे खड्डे लागले. नानांनी पेटी छातीशी धरली होती आणि प्रत्येक खड्ड्याला ते स्वतः सीटवरून उचलले जायचे, पेटी मात्र हलू द्यायचे नाहीत. शेजारच्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याला राहवेना.

"गोधडीमा काय शे, भाऊ?"

"भाऊबंद शेतस," नाना म्हणाले.

म्हातारा पुढच्या थांब्यावर जागा बदलून बसला.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, व्हार्निशचा वास आणि रांगेत उभ्या केलेल्या मोटरी. प्रत्येकीवर खडूने गावाचं नाव. मिस्त्री साठीचे, खाकी हाफ पँट, कानामागे विडी. त्यांनी गोधडी सोडली, पेटीकडे पाहिलं, मग नानांकडे.

"नाना, हे विहिरीत कशाला टाकलं होतं?"

"टाकेल नही. पोरीचं शे."

मी सांगू लागले. मिस्त्रींनी हात वर करून मला थांबवलं आणि डॉक्टर विचारतात तसं विचारलं. "चालता चालता बंद पडली का बंद ठेवल्यावर?"

"बंद ठेवल्यावर."

"उन्हात?"

"धुळ्यात," नाना म्हणाले.

"म्हणजे उन्हातच." त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक डिस्कवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "दे करंट."

मी बटण दाबलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. शेजारी लेथवर काम करणाऱ्या माणसाला त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं.

"जळलेली नाही," मिस्त्री म्हणाले. "जोर लावतेय बिचारी. चिकटून बसलीय. उन्हाळ्यात मोटर बंद ठेवली की असंच होतं. शाफ्टला हाताने एक झटका द्यायचा, सुटते. हिचा शाफ्ट कुठाय?"

"ही उघडायची नसते," मी म्हणाले. मला तेवढं माहीत होतं. "आत धूळ गेली की संपलं."

मिस्त्रींनी आपल्या दुकानाकडे एक नजर टाकली. तिथे धूळ सोडून काही नव्हतं. "मग नाही उघडत. शाफ्ट नाही फिरवता येत तर अख्खी डबीच फिरवू."

डिस्क लांब वायरीवर बाहेर घेतली. बरणीचं घट्ट झाकण उघडतात तशी त्यांनी ती दोन्ही हातांत आडवी धरली. मी बटण दाबायचं आणि त्याच क्षणी त्यांनी मनगटाला झटका द्यायचा, असं ठरलं. मी मात्र एक गोष्ट पक्की सांगितली. एकदा फिरली की बंद करायची नाही. पुन्हा चिकटली तर पुन्हा सुटेल याचा भरवसा नाही. फ्लॉपी मी आधीच खाचेत घालून ठेवली.

"हो, बाई," मिस्त्री म्हणाले. मला 'बाई' म्हणाले म्हणजे शाळेतली बाई. माझा जीव थोडा खाली बसला.

पहिला झटका. काही नाही. दुसरा. काही नाही. नाना डोळे मिटून उभे होते. तिसऱ्या झटक्याला आतून 'टक्' असा आवाज आला आणि मग बारीक शिटी वाजावी तशी ती डबी गाऊ लागली. पडद्यावर हिरवी अक्षरं चढत गेली आणि शेवटी 'सी' उभा राहिला, म्हणजे डिस्क सापडली.

"फिरनी!" नाना ओरडले.

"हात नका लावू कुणी!" मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडले. मिस्त्री डबी हातात धरून पुतळ्यासारखे उभे राहिले. मी कॉपीची आज्ञा दिली. डिस्कने खरखर केली आणि पडद्यावर पुन्हा इंग्रजी ओळ.

"आता काय म्हणते?" मिस्त्री न हलता म्हणाले.

"वाचता येत नाहीये म्हणते. तीन गोष्टी विचारतेय. सोडून देऊ, पुन्हा करू, की हरले असं धरू?"

"विचारते काय! पुन्हा कर म्हण."

मी 'रीट्राय'चा 'आर' दाबला. खरखर. पुन्हा तेच. पुन्हा 'आर'. मी मोजलं, अकरा वेळा दाबला. बाराव्यांदा खरखर थांबली आणि एक फाइल उतरवली अशी ओळ आली. मी फाइल उघडली. पहिलं नाव आलं, दुसरं आलं. मी खाली खाली गेले. चौऱ्याहत्तर. एकही इकडचं तिकडे नाही. अकराव्यावरून सोळाव्यावर आलेले काकाही सोळाव्यावरच.

मिस्त्रींनी मान वाकडी करून पडदा पाहिला. "लग्नाची यादी आहे की मतदार यादी?"

पुन्हा दगा नको म्हणून मी तिथेच बसून सगळी नावं छान अक्षरात, एकही खाडाखोड न करता, छापखान्याला द्यायच्या तावावर उतरवली. नाना एकेका नावावर बोट ठेवून पडद्याशी ताडून बघत होते. मला त्या दिवशी काय वाटत होतं ते सांगते. युनिव्हर्सिटीत पहिली आल्यासारखं वाटत होतं. टायवाल्या इंजिनिअरला जमलं नाही ते आम्ही तिघांनी करून दाखवलं होतं. मिस्त्रींनी सोडवली, नानांनी ओळखली, आणि उघडू नका, बंद करू नका, पुन्हा करा, हे माझ्याशिवाय कोण सांगणार होतं? सामान मिस्त्रींकडे ठेवलं. छापखान्यात देण्याआधी आबांना एकदा वाचून दाखवायची म्हणून आम्ही दोघं दुपारच्या गाडीने गावाकडे निघालो. गावात शिरताना काय म्हणायचं ते मी वाटेत तीन वेळा मनात म्हणून पाहिलं.

गावात पोचलो तर आबांच्या ओट्यावर सगळी भावकी बसलेली. चहा चालला होता. भांडण नव्हतं. मला आधी वाटलं, कुणीतरी गेलं.

"या, या," आबा म्हणाले. "बठ. आम्ही तोड काढी टाकी."

नानांचा फोन ऐकून त्यांनी काल संध्याकाळी बैठक घेतली होती. यादी गेली, आता नव्याने भांडायची कुणातच ताकद नाही. तेव्हा कुणाचंच नाव घालायचं नाही. 'समस्त भाऊबंद परिवार', एवढीच एक ओळ. वर कोणी नाही, खाली कोणी नाही. अर्ध्या तासात सगळे कबूल. सोळाव्या क्रमांकाचे काका तर इतके खूश होते की त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली.

"इतली वर्सं हाई सुचनं नही," ते म्हणाले.

मग आबांनी विचारलं, "आनि मशीनचं काय व्हयनं? निंघनं का काही?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. नानांच्या बंडीच्या खिशातून तावाचं टोक दिसत होतं. मी तोंड उघडलं. पहिला शब्द ओठावर आला होता, तेवढ्यात नानांनी माझ्या पायावर पाय दिला. साधा नाही, चांगला शेतकऱ्याचा.

"नही," नाना म्हणाले. "मरी गये."

ओट्यावर समाधानाची कुजबुज झाली. आबांनी मला समजावलं की यंत्रच ते, वाईट वाटून घेऊ नकोस. एका काकांनी सुचवलं की गणित वहीवरच बरं. मी खाली मान घालून चहा प्यायले. सगळ्यांना वाटलं, दुःखाने मान खाली घातलीय.

घरी आल्यावर मी नानांवर चिडले. "मी काढून दाखवलं, नाना! एवढं तरी सांगायचं!"

नानांनी ताव बाहेर काढला, घडी घालून ट्रंकेत खाली ठेवला. "सांगतू तर छापना पडतं," ते म्हणाले. "आनि छापं म्हंजे मांडवमा तीस मानसं कमी."

मी ट्रंकेचं झाकण लावलं.

ती डिस्क त्यानंतर दोन वर्षं चालली. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे मी तिला एक दिवसही बंद ठेवली नाही. सुट्टीत गावाला गेले तर शेजारणीला रोज अर्धा तास चालू करायला सांगायचे. गावाकडे मात्र माझं मशीन मेलेलंच राहिलं. कुणी नवीन ट्रॅक्टर घेतला की म्हणायचं, "अक्काच्या मशीनसारखं नको व्हायला." ती माणसं आता बरीचशी राहिली नाहीत, म्हणून आज हे लिहून टाकते. आम्ही ते काढलं होतं. पूर्ण.

लग्नाला चौऱ्याहत्तर घरं आली. झाडून सगळी. नानांनी जळगावच्या मिस्त्रींनाही बोलावलं होतं आणि ते नव्या धोतरात आले होते. पंगतीत त्यांना नेमकी आबांच्या शेजारी जागा मिळाली. वरण-बट्टी वाढत वाढत मी त्यांच्या पानाशी पोचले तसं त्यांनी मोठ्या प्रेमाने वर पाहिलं.

"काय बाई, ती डबी अजून फिरते ना?"

आबांनी मान वळवली. मी काही बोलायच्या आत मागून नाना तुपाचं भांडं घेऊन आले आणि मिस्त्रींच्या पानात एकदम तीन बट्ट्या कुस्करून त्यांवर धार सोडली.

"खा, मिस्तरी, खा," नाना म्हणाले. "बोलनं मंग."

मिस्त्री खाऊ लागले. घास संपत आला की नाना आणखी एक बट्टी टाकायचे. आबा हात धुवायला उठेपर्यंत मिस्त्रींनी अकरा खाल्ल्या.